कंपनीला नाव द्यावं की नंबरावर भागवावं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या मिसिसागा इथून एका भगिनींनी लिहिलं आहे. गेली काही वर्षं त्या ओळखीपाळखीत थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, चकली, चिवडा करून देत आल्या. आता त्या व्यावसायिक स्वयंपाकघराची जागा भाड्याने घेताहेत आणि दहा दिवसांनी करारावर सही आहे. करार कंपनीशीच करणार असं जागामालकाचं म्हणणं. दीर ट्रकिंगच्या धंद्यात आहेत. ते म्हणतात, "नंबर कंपनी काढ. स्वस्त पडते, पटकन होते आणि मालक कोण हे कोणाला कळत नाही." (नंबर कंपनी म्हणजे शब्दांच्या नावाऐवजी नोंदणीचा नंबर हेच जिचं नाव ती कंपनी.) यजमानांना ते पटत नाही. नंबर बघून गिऱ्हाईक बिचकेल आणि 'अन्नपूर्णा फूड्स' हे ठरवलेलं नाव आत्ताच अडकवलं नाही तर दुसराच कोणी घेऊन जाईल, अशी त्यांना भीती आहे. सासूबाईंचं म्हणणं, कंपनी अक्षय्य तृतीयेला व्हावी आणि नंबरच घ्यायचा असेल तर बेरजेला शुभ येईल असा बघून घ्यावा. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: आता नंबर घेतला तर नंतर नाव देता येतं का, की कायमची अडकले?

उत्तर

अडकत नाही. नंबराला नाव देणं ही कंपनी कायद्यातल्या सोप्या बदलांपैकी एक आहे. त्यामुळे आज चुकीचं ठरलं तर आयुष्यभराचं नुकसान, हे ओझं आधी उतरवा.

तुमच्या परिस्थितीत मी नंबर कंपनी काढा असंच सांगेन, पण तुमच्या दिरांच्या कारणांसाठी नाही. त्यांच्या तीन मुद्द्यांपैकी एक अर्धा खरा आहे आणि दोन चुकीचे. यजमानांची काळजी रास्त आहे, फक्त त्यावरचा उपाय त्यांना वाटतो तिथे नाही.

भारतातून आलेल्या माणसाला नंबर कंपनी चमत्कारिक वाटते, कारण तिकडे असा प्रकार नाही. तिथे आधी नाव मंजूर करून घ्यायचं, मग कंपनी. उलट तिकडे नाव बदलण्याचा आदेश कंपनीने मुदतीत पाळला नाही तर तिला आदेश मोडल्याचा शिक्का आणि आकडे असलेलं नाव चिकटवलं जातं, म्हणजे आकडा ही शिक्षाच. कॅनडात प्रत्येक कंपनीला नोंदणी क्रमांक मिळतोच. तुम्ही शब्दांचं नाव दिलं नाही तर तो क्रमांक, त्यापुढे प्रांताचं किंवा देशाचं नाव आणि शेवटी 'इन्क.', 'लिमिटेड' किंवा 'कॉर्प.' एवढंच कंपनीचं कायदेशीर नाव होतं. ऑन्टारिओत हल्ली हा क्रमांक दहा आकडी असतो आणि नाव दिसतं असं: १००••••••• ऑन्टारिओ इन्क. इथल्या बँकेला, वकिलाला, जागामालकाला त्यात वावगं काही वाटत नाही. त्यांच्या फायलींत अशी नावं ढिगाने असतात.

आता स्वस्ताईचं बघू. ऑन्टारिओत ऑनलाइन कंपनी काढायला ३०० डॉलर लागतात, नाव असो वा नंबर. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारकडे नोंदवलेल्या, कंपनीला २००. नाव हवं असेल तर न्यूआन्स रिपोर्ट लागतो, म्हणजे तुमच्या नावासारखी कोणती कंपन्यांची नावं, धंद्याची नावं आणि ट्रेडमार्क आधीपासून आहेत त्याची यादी. तो थेट घेतला तर पंधराएक डॉलरांत मिळतो, मध्यस्थाकडून जास्त. म्हणजे नंबर घेऊन आज वाचतात ते पंधरा डॉलर. पुढे पाकिटावर 'अन्नपूर्णा' छापायचं तर ते धंद्याचं नाव वेगळं नोंदवावं लागेल: ऑनलाइन ६० डॉलर, पाच वर्षांसाठी. आणि वर्षभराने कंपनीलाच नाव द्यायचं ठरलं तर ऑन्टारिओत दुरुस्तीचे १५० आणि पुन्हा न्यूआन्स. गिऱ्हाईकासमोर नाव घेऊन उभं राहणाऱ्याला नंबर महागच पडतो. स्वस्त पडतो तो ज्याला नावाची कधीच गरज लागणार नाही त्याला, आणि तुमच्या दिरांच्या धंद्यात कदाचित तसंच असेल. (हे सरकारी दर अधूनमधून बदलतात, भरण्याआधी एकदा बघून घ्या.)

मालक कळत नाही, हा तर निव्वळ गैरसमज. नंबर कंपनीचेही संचालक नोंदणीत असतात, पत्त्यासकट, आणि थोडे पैसे भरून ऑन्टारिओच्या कंपनीचा उतारा कोणीही काढू शकतो. फेडरल कंपनीत तर याहून उघड. तिथे संचालकांची नावं फुकट बघता येतात, आणि २२ जानेवारी २०२४ पासून कंपनीवर प्रत्यक्ष ताबा कोणाचा याची माहितीही सरकारकडे भरावी लागते. तिचा काही भाग जनतेला खुला असतो. घराचा पत्ता जाहीर होऊ नये असं वाटत असेल तर अर्ज भरताना नोटिसा स्वीकारण्यासाठी घराऐवजी कोणता पत्ता देता येईल ते बघा. लपण्यासाठी मात्र नंबराचा काही उपयोग नाही. तुम्हाला तरी कशाला लपायचंय?

यजमानांच्या मुद्द्यावर थोडं थांबावं लागेल, कारण त्यामागची समजूत फार लोकांची असते: कंपनी नावाने नोंदवली की नाव आपलं झालं.

फेडरल नोंदणीत नाव तपासलं जातं. सारखं वाटलं, फार सर्वसाधारण वाटलं तर नाकारतात. ऑन्टारिओत नव्वद दिवसांच्या आतला न्यूआन्स रिपोर्ट हाती असावा लागतो, पण तो वाचून नाव सुरक्षित आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी तुमचीच. हुबेहूब तेच नाव असेल तर यंत्रणा अडवते. मिळतंजुळतं असेल तर प्रमाणपत्र हातात पडूही शकतं. मग सहा महिन्यांनी त्या दुसऱ्या कंपनीच्या वकिलाचं पत्र येतं, तक्रार होते, आणि सरकारी खातं तुम्हाला नाव बदलायला लावू शकतं. कोर्टातला दावा वेगळाच. भारतात रजिस्ट्रारने नाव दिलं म्हणजे निदान एका सरकारी डोळ्याखालून गेलं असं गृहीत धरायची आपल्याला सवय असते. ऑन्टारिओचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून तसं समजू नका.

साठ डॉलरांची धंद्याच्या नावाची नोंदणी तर याहूनही कच्ची. तिने नावावर हक्क मिळत नाही. तेच नाव दुसऱ्यानेही नोंदवलेलं असू शकतं आणि तुमची नोंदणी तरीही होते. ती नोंदणी असते ती या नावामागे कोणती कंपनी आहे हे लोकांना शोधता यावं म्हणून. नाव खरोखर राखायचं असेल तर ट्रेडमार्क. तो देशभर चालतो, नोंदणी झाल्यापासून दहा वर्षं टिकतो, पुढे नूतनीकरण होतं. पहिल्या वर्गाचा (म्हणजे मालाच्या एका प्रकाराचा) खर्चच साडेचारशे डॉलरांच्या वर जातो आणि निकाल यायला बराच वेळ लागतो, म्हणून आत्ताच्या दहा दिवसांत तो विषय घेऊ नका. पण यजमानांची भीती शमवायची जागा ती आहे. तोवर एक छोटी सोय: न्यूआन्स रिपोर्ट काढला की तुमचं नाव नव्वद दिवस 'प्रस्तावित' म्हणून इतरांच्या शोधात दिसतं.

आणि आता जरा कडू. 'अन्नपूर्णा फूड्स' हे नाव मला कच्चं वाटतं. खाण्याच्या धंद्यात उतरणाऱ्या भारतीय, नेपाळी माणसाच्या मनात पहिल्या पाचांत येणारं हे नाव. त्यात 'फूड्स' हा शब्द काय विकता एवढंच सांगतो, वेगळेपणा देत नाही. सगळा भार पहिल्या शब्दावर, आणि तोच सगळ्यांचा आवडता. शिवाय शोध उच्चारावरूनही होतो, तेव्हा रोमन लिपीत एखादं अक्षर जास्त घालून सुटका होत नाही. आधी तीन ठिकाणी फुकट बघा: फेडरल संकेतस्थळावरचा नावांचा शोध, ऑन्टारिओ बिझनेस रजिस्ट्रीतला शोध आणि ट्रेडमार्कचा सरकारी शोध. तिन्हींपैकी कुठेही खाद्यपदार्थांच्या धंद्यात हेच किंवा असंच नाव दिसलं तर न्यूआन्सचे पैसे टाकण्याआधीच थांबा.

पर्यायी नावं शोधताना वेगळेपणा आणणारा शब्द, काय करता ते सांगणारा शब्द आणि शेवटी 'इन्क.' किंवा 'लिमिटेड', हा साचा धरा. गावाचं, नदीचं, घरातल्या वापरातलं एखादं कमी वापरलेलं नाव चांगलं चालतं. तो शब्द कुठून आला याचा एका ओळीतला इंग्रजी खुलासा लिहून ठेवा, फेडरल तपासणीत कामाला येतो. आडनावाचा मोह होईल. नुसतं आडनाव सहसा चालत नाही, आडनाव घालून केलेल्या नावाला त्या माणसाची लेखी संमती लागू शकते, आणि पाटील-जोशी-शहा असेल तर वेगळेपणा असा तो किती उरणार? 'इन्स्टिट्यूट', 'कॉलेज', 'इंजिनिअरिंग' असे शब्द तर संबंधित सरकारी खात्याच्या किंवा व्यावसायिक संस्थेच्या परवानगीशिवाय सहसा मिळत नाहीत. उद्या मोदकाचे वर्ग काढून त्याला 'इन्स्टिट्यूट' म्हणायचा बेत असेल तर आत्ताच सोडा.

यासाठीच मी नंबराकडे झुकतोय. नंबराचा खरा फायदा वेगाचा आहे आणि तोही अर्धाच, कारण निर्मळ, कोणाशी न भिडणारं नाव असेल तर ऑन्टारिओत नावाची कंपनीही त्याच दिवशी होते. घोळ होतो तो नाव वादात पडल्यावर. तुमचं नाव वादात पडण्याजोगं आहे, आणि दहा दिवसांत घाईने शोधलेलं दुसरं नाव पुढची वीस वर्षं बाळगायचं, हा व्यवहार बरा नाही. करार नंबरावर करा, नाव शांतपणे शोधा.

मात्र नंबर कंपनी घेऊन ब्रँडच्या नावाने धंदा करणाऱ्यांचं जिथे बिनसतं ती जागा नीट समजून घ्या. कंपनी आपल्या नोंदलेल्या नावाखेरीज दुसऱ्या नावाने लोकांसमोर जात असेल तर ऑन्टारिओत बिझनेस नेम्स ॲक्टखाली ते नाव आधी नोंदवलेलं हवं. नसेल तर कंपनीला २५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दंडापेक्षा जास्त बोचणारी गोष्ट निराळी: नोंदणी नसताना त्या धंद्यातले पैसे बुडवणाऱ्यावर कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा चालवता येत नाही. आणि करार, बिलं, चेक, मालाच्या ऑर्डरी, या सगळ्यांवर धंद्याच्या नावाबरोबर कंपनीचं पूर्ण कायदेशीर नावही लिहावं लागतं. वर मोठ्या अक्षरात ब्रँड चालेल, पण त्याखाली वाचता येईल अशा अक्षरात '१००••••••• ऑन्टारिओ इन्क., ऑपरेटिंग ॲज अमुकतमुक' (म्हणजे 'अमुकतमुक या नावाने धंदा करणारी') ही ओळ असलीच पाहिजे. इथे 'ऑपरेटिंग ॲज'चं संक्षिप्त रूप 'ओ/ए' असं दोन अक्षरांत लिहायची पद्धत आहे, ते पुरतं.

ही ओळ गाळली की काय होतं? पीठ-तेल पुरवणारा घाऊक व्यापारी तुम्हाला उधारी देतो. ऑर्डरवर फक्त 'अन्नपूर्णा' आणि खाली तुमची सही. पैसे थकले तर तो म्हणतो, मला कुठली कंपनी माहीतच नव्हती, मी या बाईंना माल दिला. असे वाद कोर्टात जातात आणि सही करणाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी येते. ज्या संरक्षणासाठी कंपनी काढली तेच एका ओळीअभावी गेलं. नावाच्या कंपनीतही 'इन्क.' गाळल्याने हाच घोळ होतो, पण नंबरवाल्यांकडून तो जास्त होतो, कारण नंबर ओंगळ दिसतो म्हणून लोक तो बिलावरून काढून टाकतात.

भाडेकराराच्या शेवटच्या पानावर बघा. भाडेकरू म्हणून कंपनीचं पूर्ण नाव, त्याखाली 'पर' म्हणून तुमच्या सहीची रेघ, रेघेखाली तुमचं नाव आणि 'डायरेक्टर', आणि त्याखाली इंग्रजीत ठरलेलं वाक्य: 'आय हॅव ऑथॉरिटी टू बाइंड द कॉर्पोरेशन' (कंपनीतर्फे सही करून तिला बांधून घेण्याचा अधिकार मला आहे). यातलं काही गाळलेलं असेल तर सही करण्याआधी घालून घ्या. त्याच्या मागेपुढे 'इंडेम्निटी' किंवा 'पर्सनल गॅरंटी' नावाचं पान असेल तर ती तुमची स्वतःची हमी. नव्या कंपनीकडून जागामालक ती बहुधा मागतोच, आणि तिथे कंपनीला नाव आहे की नंबर याने काडीचा फरक पडत नाही. ती ठरावीक महिन्यांपुरती किंवा ठरावीक रकमेपुरती करून घेता येते का, यावर वाटाघाट करा. नाव-नंबराच्या काथ्याकुटापेक्षा ही वाटाघाट तुमच्या जास्त पैशांची आहे.

कंपनी व्हायच्या आधी तिच्यातर्फे सही करू नका. केली तर कंपनी जन्माला येऊन तो करार स्वीकारेपर्यंत तुम्ही स्वतः बांधल्या जाता. नंबर कंपनी हातात आधी येते, एवढ्यासाठीच ती या प्रसंगात उपयोगी.

बँकेत खातं कंपनीच्या कायदेशीर नावाने उघडतं. ब्रँडच्या नावाने आलेला चेक जमा व्हायला हवा असेल तर धंद्याच्या नावाच्या नोंदणीचा कागद खातं उघडतानाच द्या आणि ते नाव खात्याला जोडून घ्या. नाहीतर दिवाळीच्या तोंडावर एखाद्या मंडळाने फराळासाठी दिलेला चेक काउंटरवरून परत येतो. कार्ड घेण्याचं यंत्र लावाल तेव्हा गिऱ्हाइकाच्या बिलात काय दिसेल ते विचारून ब्रँडचं नाव घालायला सांगा. यजमान म्हणतात ते बिचकणं तिथे होतं. स्टेटमेंटमध्ये अनोळखी दहा आकडे दिसले की माणूस बँकेला फोन करून पैसे परत मागतो. दुकानाच्या पाटीवर ब्रँड आहे, पाकिटावर ब्रँड आहे, बिलावर दोन्ही आहेत, मग चकली घेणाऱ्याला नंबराशी काय घेणं?

कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडेही (म्हणजे करखात्याकडे) धंद्याचं नाव 'ऑपरेटिंग नेम' म्हणून घाला. चार सलग तिमाहींत विक्री ३०,००० डॉलरच्या वर गेली की जीएसटी/एचएसटी या विक्रीवरच्या कराची नोंदणी लागते. तुमच्याकडून माल घेणारे दुकानदार तुमचा कर क्रमांक खरा आहे का ते सरकारी नोंदवहीत तपासू शकतात. तिथे क्रमांकाबरोबर नाव टाकावं लागतं, आणि नोंदीत ब्रँडचं नाव नसेल तर बिलावरचं नाव टाकून शोध लागत नाही. दुकानदार मग पेमेंट अडवून धरतो. चूक कोणाचीच नसते, नुसती एक ओळ भरायची राहिलेली असते.

पाकिटांबद्दल वेगळं सांगतो, कारण खाण्याच्या धंद्यात नाव बदलण्याचा खरा खर्च तिथे आहे. बंद पाकिटावर जबाबदार धंद्याचं नाव आणि मुख्य ठिकाण छापावं लागतं, बहुतेक मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत. प्रांताबाहेर माल पाठवायचा तर 'सेफ फूड फॉर कॅनेडियन्स' या फेडरल अन्नसुरक्षा नियमांखालचा परवाना लागतो आणि तोही कंपनीच्या नावावर. म्हणून नाव पक्कं होईपर्यंत छापील पाकिटांच्या मोठ्या ऑर्डरी देऊ नका. पहिल्या काही महिन्यांसाठी कोरी पाकिटं आणि वरून चिकटवायची लेबलं पुरेत. अक्षय्य तृतीयेपासून दिवाळीपर्यंत नाव ठरवायला वेळ भरपूर आहे.

नाव ठरलं की बदल असा होतो. नंबरावरून शब्दांच्या नावावर जायचं असेल तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो, भागधारकांची खास बहुमताची मंजुरी लागत नाही. ही सवलत ऑन्टारिओतही आहे आणि फेडरल कायद्यातही, पण फक्त नंबरावरून नावावर जाताना. एकदा शब्दांचं नाव घेतलं आणि तेही बदलावंसं वाटलं तर भागधारकांच्या दोन तृतीयांश मतांचा ठराव लागतो. दिरांना भागीदार करणार असाल तर हे लक्षात ठेवा. ठरावाचा कागद कंपनीच्या मिनिट बुकात (ठरावांच्या वहीत) लावायचा, ताजा न्यूआन्स काढायचा, 'आर्टिकल्स ऑफ अमेंडमेंट' (दुरुस्तीचा अर्ज) भरायचे. कंपनी तीच राहते. तिचा नोंदणी क्रमांक, कर क्रमांक, भाडेकरार, कर्ज, उधारी, सगळं चालू राहतं. मग बँक, करखातं, विमा कंपनी, जागामालक, कामगार विमा, मिसिसागा ज्यात येतं त्या पील भागाचं आरोग्य खातं आणि फेडरल परवाना, प्रत्येकाकडे बदलाचं प्रमाणपत्र पाठवायचं. विम्याचं विसरू नका. पॉलिसीवर जुनं नाव आणि बिलांवर नवं असलं की दावा आल्यावर पत्रव्यवहारात आठवडे जातात. धंद्याचं नाव हेच कंपनीचं नाव झालं की साठ डॉलरवाल्या नोंदणीची गरज संपते.

फेडरल की ऑन्टारिओ, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अर्जाच्या पहिल्याच पानावर तो प्रश्न येतो. ऑन्टारिओ घ्या. प्रांतिक कंपनीला दुसऱ्या प्रांतात माल पाठवता येत नाही असं सांगणारे भेटतील. कॅल्गरीच्या गिऱ्हाइकाला पार्सल पाठवायला फेडरल कंपनी लागत नाही. फेडरलचा जोर नावाच्या देशव्यापी नोंदणीत आहे, आणि नंबर घेताना तो जोर वायाच जातो. शिवाय फेडरल कंपनीला दर वर्षी १२ डॉलरचं विवरणपत्र, वर ऑन्टारिओकडे वेगळी माहिती, असे दोन दरवाजे सांभाळावे लागतात. ऑन्टारिओच्या कंपनीने पहिल्या साठ दिवसांत प्राथमिक विवरण भरायचं, त्याला फी नाही. पत्र वाचणाऱ्यांत कोणी वर्क परमिटवर असेल तर त्यांच्यासाठी आणखी एक: फेडरल कंपनीत पंचवीस टक्के संचालक, आणि चारपेक्षा कमी असतील तर किमान एक, कॅनडात राहणारा नागरिक किंवा पीआर (कायम रहिवासी) असावा लागतो. ऑन्टारिओने ही अट जुलै २०२१ मध्ये काढून टाकली.

इतरांसाठी दोन शब्द. घर, दुकानगाळा किंवा गुंतवणूक ठेवायला काढलेली होल्डिंग कंपनी असेल तर नंबर घ्या आणि विसरून जा. फ्रँचायझी घेणाऱ्यांनाही नंबरच, कारण मूळ कंपनी आपलं नाव तुमच्या कंपनीच्या नावात सहसा घालू देत नाही. एजन्सीमार्फत एकाच ठिकाणी काम करणाऱ्या आयटीतल्या मंडळींना नावाने काही फरक पडत नाही, आणि भारदस्त नाव घेतल्याने 'पर्सनल सर्व्हिसेस बिझनेस'चा (म्हणजे कंपनीच्या आडून नोकरीच करताय असा) ठपका टळत नाही. तो बसला तर ऑन्टारिओत ४४.५ टक्के कर आहे, तेव्हा पैसे नावापेक्षा अकाउंटंटवर खर्च करा. डॉक्टर, दंतवैद्य, वकील यांच्या प्रोफेशनल कॉर्पोरेशनला ऑन्टारिओत नंबराचं नाव चालतच नाही, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

तुमचे दहा दिवस असे लावा. पहिल्या दोन दिवसांत नावाचे फुकट शोध आणि संचालक कोण, शेअर कोणाकडे किती हे घरात बसून ठरवणं. जागामालकाकडून कराराचा मसुदा तेव्हाच मागवा, म्हणजे भाडेकरूच्या जागी कंपनीचं नाव रिकामं ठेवून घेता येईल. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत नंबर कंपनीचा अर्ज. प्रमाणपत्र आलं की त्यावरचं नाव जसंच्या तसं, टिंबासकट, कराराच्या मसुद्यात घालायला पाठवा. मग धंद्याच्या नावाची नोंदणी, जे कोणाशी भिडत नाही असं तात्पुरतं नावही चालेल, आणि ते दोन्ही कागद घेऊन बँक. विमा सहीच्या आधी ठरवा, कारण जागेचा ताबा देताना मालक विम्याचं प्रमाणपत्र मागतो.

राहिल्या सासूबाई. त्यांना सांगा, नंबर निवडता येत नाही. अर्ज मंजूर होताना यंत्रणा ओळीने पुढचा आकडा देते आणि बेरीज काय येईल ते प्रमाणपत्र बघूनच कळतं. तारीख मात्र निवडता येते. ऑन्टारिओच्या अर्जात कंपनी कोणत्या दिवसापासून अस्तित्वात यावी ते पुढच्या तीस दिवसांतलं सांगता येतं, तेव्हा अक्षय्य तृतीया तुमच्या सहीच्या आधी येत असेल तर तोच दिवस टाका. सहीनंतर येत असेल तर मात्र मुहूर्त जागेच्या पूजेला ठेवा आणि कंपनी आधी काढा.